बाय दोनदा गेल्या

रोह्याला आम्ही भाड्याच्या खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीनं आमचं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. ओट्यावर बसून त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि पायात जाड तळाचे काळे बूट, कारखान्यात घालतात तसले. आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी एकच अट घातली.

"मला तुम्ही म्हणायचं. दोघांनी. आणि ही बोलायला लागली की हिनंपण."

ही म्हणजे माझ्या कडेवरची दीड वर्षाची मुलगी.

मला वाटलं, म्हातारी मानाची भुकेली दिसते. नवऱ्याला तिथल्याच एका कंपनीत नोकरी लागली होती, खोल्या हवेशीर होत्या, मागं विहीर होती, तेव्हा अट मान्य करायला काही जड गेलं नाही. तिचं कारण कळायला मात्र महिना लागला.

आळीत सगळे त्यांना बाय म्हणत. आमच्या भागात वडीलधाऱ्या बाईला बाय म्हणतातच, त्यात विशेष काही नाही. पण एरवी बायला लोक अगंतुगं करतात. या बायला चालायचं नाही. मासे विकायला येणाऱ्या बाईपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांनी त्यांना तुम्ही म्हणायचं. स्वतः त्या मात्र सगळ्यांना तूच म्हणत. त्यांच्याबरोबर शाळेत शिकलेली एक म्हातारी समोरच राहायची. ती एकदा वैतागून म्हणाली, "तुझा परकर फाटला तवा वर्गातून घरापर्यंत मी तुझ्या मागून चालत आले. आता मी तुला तुम्ही म्हणू?"

"चाललीस, उपकार झाले तुझे," बाय म्हणाल्या. "आता तुम्ही म्हण."

त्या दिवसापासून ती म्हातारी त्यांना "तुम्ही, मेले" म्हणायला लागली. बायना ते चालत होतं.

बाय ज्यू होत्या. आमच्या रायगडात ज्यू लोक पिढ्यानपिढ्या राहिलेले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवारतेली म्हणायचे. बोलायचं मराठीतच, खायचं भात-मासेच, बायकांचं नेसणंही आपल्यासारखंच. बायचं माहेर खांब गावाजवळचं, सासर रोह्याचं. तिशीच्या आतबाहेर असताना त्या नवरा आणि तीन मुलांबरोबर इस्राएलला गेल्या. तिथं वाळवंटातल्या एका गावात सरकारनं दोन खोल्या दिल्या. नवऱ्याला आणि त्यांना कापडाच्या कारखान्यात काम मिळालं. चाळीसेक वर्षं तिथं काढली, मुलांची लग्नं केली, सात नातवंडांना न्हाऊमाखू घातलं. मग नवरा गेला, आणि वर्षभरातच बाय एकट्या परत आल्या, दिरानं शेवटपर्यंत राखून ठेवलेल्या या रोह्याच्या घरात. का आल्या, हे आळीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मुलांशी पटलं नसेल, असं लोक म्हणायचे.

तुम्हीचं कारण त्यांनी मला विहिरीवर कपडे धुताना सांगितलं.

"त्या भाषेत तुम्हीच नाय गो. पहिल्या दिवशी कारखान्यात गेले, तर एक पोरगा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, येऊन म्हणाला, तू त्या मशीनवर बस. मी बघतच राहिले. मला वाटलं, माझं काय चुकलं? घरी येऊन रडले. मग कळलं, तिथं पंतप्रधानालापण तूच म्हणतात. त्यांचा काय दोष नाय त्यात. पण मला चाळीस वर्षं कुणी तुम्ही म्हटलं नाय. ते राहिलेलं मी आता घेते."

तिकडच्या काही सवयी त्यांच्या अंगात मुरल्या होत्या आणि त्या आपल्याला आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. कुणाला थांब म्हणायचं असलं की त्या पाची बोटं एकत्र जुळवून हात वर-खाली हलवायच्या. तिकडं त्याचा अर्थ थांब जरा. रोह्यात रिक्षावाल्यांना वाटायचं, म्हातारी खायला मागते. एका नवख्या रिक्षावाल्यानं त्यांना खरंच बिस्किटाचा पुडा दिला होता. बायनी तो घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि मग सांगितलं, "आता चल, नदीपल्याड अष्टमीला."

शनिवार त्या कडक पाळायच्या. शुक्रवारी दुपारपर्यंत घर धुऊनपुसून लख्ख, स्वयंपाक करून झाकलेला, संध्याकाळी दिवा लागला की काम बंद. मग शनिवार मावळेपर्यंत त्या विजेच्या बटणालासुद्धा हात लावत नसत. दुसऱ्याला लाव म्हणून सांगणंही त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यामुळं पंखा हवा असला की त्या आमच्या दारात यायच्या आणि कुणाकडंही न बघता म्हणायच्या, "लय उकडतंय आज." मी जाऊन पंखा लावून यायची. दिवा हवा असला की "अंधार पडला." एकदा माझ्या नवऱ्याला कळलं नाही. तो म्हणाला, "हो ना बाय, दिवस लहान झालाय." बाय तशाच उभ्या. पुन्हा म्हणाल्या, "अंधार पडला हो." तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

पण माझ्या नवऱ्यावर त्यांचा जीव होता, कारण त्याला शिफ्ट असायची. शिफ्ट काय असते ते बायना ठाऊक होतं. रात्रपाळी करून तो सकाळी येऊन झोपला की बाय ओट्यावर खुर्ची टाकून पहारा द्यायच्या. मासेवाली आरोळी द्यायला तोंड उघडते न उघडते तोच बायचं बोट ओठांवर.

"मंग मी मासं इकू कशी?" ती कुजबुजत विचारायची.

"हातानं दाखव. आणि खवलं हायत तेच दाखव, बाकीचं मला चालत नाय."

मग आळीच्या बायका मुक्यानं मासे घ्यायच्या. आमच्या दारात तीन बायका आणि एक टोपली, आणि सगळा सौदा बोटांवर. आत माझा नवरा गाढ झोपलेला. रोह्याला येण्याआधी आम्ही जिथं राहायचो तिथं त्याला कधी चार तास सलग झोप मिळाली नव्हती. तो अजून म्हणतो, माझी तब्येत राहिली ती बायमुळं.

माझ्यावर त्यांचे जे उपकार आहेत ते निराळे आहेत.

मी गागोदे बुद्रुकची. आईवडील भात आणि वाल पिकवणारे. बारावीनंतर पेणला येऊन शिकले, लग्न झालं, मुलगी झाली आणि रोह्याला आले. शिकताना वर्गात एकदा "नाय" म्हणाले म्हणून मुली हसल्या होत्या, तेव्हापासून मी माझी भाषा घासूनपुसून स्वच्छ करून टाकली होती. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर तिला इंग्रजी शाळेत घातलं. तिथल्या बाईंनी पालकांच्या बैठकीत सांगितलं, घरी शक्यतो इंग्रजीच बोला. मी वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. मला जेवढं येत होतं तेवढं. कम, सिट, ईट, डोन्ट टच. बाकीच्या वेळी गप्प.

त्या पावसाळ्यानंतर माझी आई गागोद्याहून आली. पिशवीत वाल, घरचे पोहे, कोवळी काकडी. मुलीला जवळ ओढून म्हणाली, "काय गो बाय माझे, ओळख हाय का नाय?" मुलगी माझ्या मागं लपली. आईनं काकडी चिरून पुढं केली. "खातंस का? गोड हाय." मुलगी खुदकन हसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हाय हाय." चिडवल्यासारखं.

मी मुलीला काही बोलले नाही. आईला म्हटलं, "आई, तिच्याशी असं नको ना बोलूस. तिला सवय लागेल."

आईनं काकडी ताटलीत ठेवली. "मी काय वायट बोलले गो?" एवढंच म्हणाली. मग दिवसभर ती मुलीशी बोललीच नाही. मुलीकडं बघून हसायची आणि मान हलवायची, जसं आपण परक्या मुलखातल्या माणसाशी करतो. दोन दिवस राहणार होती, संध्याकाळच्या एसटीनंच गेली.

बाय हे सगळं ओट्यावरून ऐकत होत्या. आई गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी जाऊन त्यांच्या पायरीवर बसले. रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. हातातल्या तांदळातले खडे वेचत, कुणा तिसऱ्याच बाईची हकीकत सांगावी तसं सांगू लागल्या.

"आम्ही तिकडं गेलो तेव्हा मोठा नऊ वर्षांचा होता, मधला सहाचा नि धाकटी तीनची. शाळा सुरू झाली. दोन महिन्यांनी मास्तरीण घरी आली. चांगली होती गो बाई, तिच्यावर माझा राग नाय. येताना फळं घेऊन आली. म्हणाली, पोरं मागं पडतात, घरी तुमची भाषा बोलू नका, इथलीच बोला. नवऱ्याला थोडं कळायचं, त्यानं मला समजावलं. मी मान हलवली. मला वाटलं, पोरांसाठी एवढं नाय का करणार? मला त्या वेळी तिकडचे शब्द येत होते किती? शंभर असतील. पाव, पाणी, ये, बस, झोप, किती, कुठं.

"चार दिवसांनी मोठा शाळेतून आला तो गुडघा फुटलेला, शर्ट फाटलेला. दारात उभा राहिला माझ्याकडं बघत. मला विचारायचं होतं, कुठं पडलास रे? कुणी पाडलं? लय दुखतं का? माझ्याकडं शब्दच नव्हते. आपल्या भाषेतले होते, पण ते मी बंद केले होते ना. मी म्हटलं, पाणी? तो म्हणाला, हो. मी पाणी दिलं. तो प्यायला नि आत गेला."

बायनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

"त्याला कुणी पाडलं ते मला अजून माहीत नाय. आता तो पन्नाशीला आला."

थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. याच मोठ्या मुलाचा होता, रविवारी संध्याकाळी तो नेमानं करायचा. बायनी फोनचा आवाज मोठा केला आणि माझ्याकडं धरला. तो काहीतरी विचारायचा, बाय एका शब्दात उत्तर द्यायच्या. पुन्हा प्रश्न, पुन्हा एक शब्द. दोन मिनिटांत फोन संपला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"तब्येत कशी, औषध घेतलं का, पाऊस कसा हाय. दर रविवारी हेच. चांगला पोरगा हाय, जिवाला जपतो. पण मी त्याच्याशी कधी बोलले नाय गो. आम्ही नुसतं एकमेकांना विचारत आलो."

पुढच्या शनिवारी मी मुलीला घेऊन गागोद्याला गेले आणि तिला आठ दिवस आईकडं ठेवून आले. आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? परत आणायला गेले तर मुलगी उकिरड्याजवळ कोंबडीच्या मागं धावत होती, "थांब गो, थांब गो" करत. शाळेतल्या बाईंनी महिन्याभरानं तक्रार केली की ती वर्गात नाय आणि व्हय म्हणते. मी म्हटलं, असू दे मॅडम, इंग्रजीपण शिकेल ती. शिकलीच. आता आठवीत आहे, इंग्रजीत पहिली येते, आणि दर रविवारी आजीला फोन लावून अर्धा अर्धा तास बोलते. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेचं काय झालं, सगळं तिला ठाऊक असतं. मी विचारलं तर दोघी मला सांगत नाहीत.

त्या संध्याकाळी बायनी खडे वेचत ते सांगितलं नसतं, तर हे झालं नसतं. त्यांना मी तसं एकदा म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग आता मला चहा कर."

मुलगी दुसरीत असताना बायची नात आली. मधल्या मुलाची मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची. तिकडं मुलींनाही लष्करात नोकरी करावी लागते, ती संपवून ती भारत फिरायला निघाली होती. पाठीवर स्वतःएवढी पिशवी. रोह्याला तीन दिवस राहून गोव्याला जायचा तिचा बेत होता. आजीचं माहेर खांबला एवढं तिला घरून कळलेलं, म्हणून ती हायवेवर खांबलाच उतरून बसली. तिथल्या टपरीवाल्यानं फोन लावून दिला, माझा नवरा मोटारसायकलवर जाऊन तिला घेऊन आला. आळीतली माणसं ओट्याशी जमली होती, प्रत्येक जण "बाय, नात आली, बाय, नात आली" म्हणत होता. त्या पोरीला वाटलं, अख्खी आळी तिच्या आजीला निरोप देतेय. ती घाबरून मला इंग्रजीत म्हणाली, "आजी कुठं निघालीय का?"

बायनी तिला पोटाशी धरलं, पुष्कळ वेळ सोडलं नाही. आणि मग तिच्याशी मराठी बोलायला सुरुवात केली.

पोरीला वाटलं, आजी विसरली. तिनं तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाय मला म्हणाल्या, "हिला इंग्रजीत सांग. या घरात मी आपलीच बोलणार. तिकडं चाळीस वर्षं मी त्यांची बोलले. आता हिनं तीन दिवस माझी ऐकावी."

अशी मी दुभाषी झाले. बाय मराठीत बोलायच्या, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगायची, ती तिच्या मोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायची, मी मराठीत करायची. दोघींना एकमेकींशी थेट बोलता येत असताना. नवरा म्हणाला, "हा काय प्रकार आहे?" पण मला हळूहळू कळत गेलं. तिकडच्या भाषेत बायना फक्त भाजी आणता यायची आणि भांडता यायचं. सांगता यायचं ते इथं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना ती मला म्हणाली, "तिला विचार, ती आम्हाला सोडून का आली. माझ्या वडिलांना वाटतं, त्यांचं काहीतरी चुकलं."

मी तोंड उघडायच्या आतच बाय म्हणाल्या, "तिच्या तोंडावरून समजलं मला, विचारू नकोस. सांग तिला. मी कुणावर रागावून आले नाय. तुझा आजा गेला त्यानंतरची गोष्ट. मी कांदा चिरत होते, बोट कापलं, जोरात. तोंडातून निघालं, आई गं. तुझा भाऊ आतून धावत आला. चांगला पोरगा, लगेच फडकं आणलं, बांधलं. मग मला विचारलं, काय म्हणालीस तू? मी त्याला सांगू शकले नाय. तेव्हा माझ्या मनात आलं, की या घरात मी मरताना ओरडले तरी कुणाला कळायचं नाय मी काय ओरडले. म्हणून आले. सांग."

मी सांगायला लागले आणि अडले. "आई गं"चं इंग्रजी काय करायचं? मी म्हटलं, ती तिच्या आईला हाक मारत होती. पोरगी म्हणाली, "पण तिची आई तर केव्हाच गेलेली." मी म्हटलं, "आमच्याकडं तरीही मारतात."

ती उठून आजीच्या शेजारी जाऊन बसली. कापलेलं बोट कोणतं ते विचारलं. बायनी दाखवलं. मग ती मला म्हणाली, "मला हे शिकव." मी म्हटलं, मी नाही, त्याच शिकवतील.

गोवा राहिला. पाच आठवडे ती पोरगी रोह्यात होती. बायची शिकवायची तऱ्हा सोपी होती. मराठीत मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. पहिल्या दिवशी तिला मीठ म्हणता येईना, तिनं अळणी भात खाल्ला. जाताना तिला दीड-दोनशे शब्द येत होते. "सरक", "पुरे", "नको गो", "चटका बसला". व्याकरण सगळं बायकी, आणि गो सगळ्यांना लावायची, माझ्या नवऱ्यालासुद्धा.

त्यानंतर दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली. बाळ महिन्याचं असताना तिचा फोन आला. बाय बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मी जाते तिकडं."

मला वाटलं, बाळ बघायला. म्हटलं, "किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाय. राहायला. नात म्हणते, तू ये नि बाळाशी तुझी भाषा बोल. मला बोलता नाय आली, माझ्या बापाला नाय आली, हिला येऊ दे."

तेव्हा बाय अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गुडघे गेलेले, एका कानानं कमी ऐकू यायचं. आळीत सगळ्यांनी समजावलं. समोरची म्हातारी तर भांडायलाच आली. "या वयात आता कुठं निघालात तुम्ही, मेले? इथंच राहा की, आम्ही हाय ना."

"पहिल्यांदा गेले तेव्हा तीन पोरं, दोन ट्रंका नि नवरा होता सांभाळायला," बाय म्हणाल्या. "आता एकटीच हाय. हलकी."

मोठ्या मुलाचाही फोन आला. त्याला काळजी वाटत होती. त्याला बायनी जे सांगितलं ते मला त्यांनीच नंतर मराठीत सांगितलं. "सकाळपासून तीनपर्यंत बाळ माझ्याकडं राहील. तेवढ्या वेळात घरात दुसरी भाषा कुणी काढायची नाय. मास्तरीण आली तरी."

जायच्या आधी मी त्यांच्याबरोबर पेणला गेले. पोह्याचे पापड त्यांना पेणचेच लागत. रामवाडीच्या एसटी स्टँडवर उतरून रिक्षानं बाजारात गेलो. तीन दुकानं फिरून त्यांनी पापड निवडले. प्रत्येक ठिकाणी एक कच्चा पापड मोडून वास घ्यायचा, मग तोंडात टाकायचा. दुकानदार म्हणाला, "आजी, किती घेतेस?" बाय मागं फिरल्या. त्यानं "घेता, घेता, किती घेता" म्हणून हाक मारली तेव्हा कुठं परत आल्या. वाल घेतले, कोकम घेतलं. बाळासाठी काय घ्यायचं म्हणून मी खेळण्यांच्या दुकानाशी थांबले, तर म्हणाल्या, "खेळणी तिकडं ढीगभर हायत. तिला जे तिकडं मिळत नाय ते मी तोंडात घेऊन चाललेय."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मलिदा केला. त्यांच्यात देवाचे आभार मानायचे असले की करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बाजूला फळं. प्रार्थना म्हणायला त्यांच्यातले दोघे पेणहून आणि एक अलिबागहून आले होते, पूर्वी म्हणे ओट्यावर जागा पुरायची नाही. बाकी आम्हीच, आळीतले. प्रार्थना झाल्यावर बायनी प्रत्येकाच्या हातावर मलिदा ठेवला आणि प्रत्येकाला कशाबद्दल तरी धन्यवाद दिले. मासेवालीला म्हणाल्या, "तू गप राहिलीस म्हणून." माझ्या नवऱ्याला, "तू झोपलास म्हणून." माझ्यापाशी आल्या तेव्हा माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ही बोलते म्हणून."

मला त्यांना किती सांगायचं होतं. मी पोहे खात राहिले.

तिकडं त्या तीन वर्षं राहिल्या. अधूनमधून फोन करायच्या. बाळाला काय काय येतं ते सांगायच्या. ती अट कुणी मोडली नाही म्हणे. मोठा मुलगासुद्धा तीनच्या आत घरी आला तर दारात बूट काढून गप्प बसायचा आणि ऐकायचा. एकदा बायनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की तो पोरीला म्हणाला, "ये बाय." साठ वर्षांचा बाप्या, तोंडातून दोन शब्द आले. "म्हणजे आत कुठंतरी होते गो ते," बाय म्हणाल्या. "मी उगीच बंद केले होते."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. आठवडाभर दवाखान्यात होत्या. नातीनं मला कळवलं, तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तिकडं त्याच दिवशी मातीला नेतात. आळीत सांगितलं तेव्हा समोरची म्हातारी दोन दिवस दार लावून बसली. आम्ही अजून त्याच घरात राहतो. मुलांनी कळवलंय, राहा म्हणून.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी नातीचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, "एक शब्द विचारायचाय. आजी होती तोवर विचारायचं सुचलं नाही." तिनं फोन फिरवला. तीन वर्षांची पोर, कुरळे केस, लाल चपला, दारातून बाहेर पडत होती. उंबऱ्याशी वळली, कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "येते हां," आणि पळाली. अगदी रोह्याच्या ठेक्यात.

"रोज बाहेर पडताना असं म्हणते," नात म्हणाली. "आम्ही समजतो, निरोपाचा शब्द असेल. त्याचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "मी येते."

"पण ती तर जाते."

"हो. आमच्याकडं घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात. म्हणजे परत येणार."

फोन तिच्या मांडीवर असावा, मला नुसतं छत दिसत होतं. मग तिचा आवाज आला. "दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी घरी निघाले होते. आजीनं माझा हात धरला आणि हेच म्हणाली. आमचाच निरोपाचा शब्द मी तिला उलट म्हटला. मला वाटलं, ती जाते म्हणतेय."

"नाही," मी म्हटलं. "येते म्हणाल्या त्या."

तिनं विचारलं, "असं कुणी म्हटलं की आपण काय म्हणायचं असतं?"

"ये म्हणायचं."

तिनं फोन उचलला. तिचं तोंड दिसलं, डोळे ओले होते. ती दाराकडं वळली. पोर केव्हाच अंगणात पोचली होती, दारात कुणी नव्हतं. ती त्या उघड्या दाराकडं बघून, नीट जपून, म्हणाली, "ये."